मधल्या वेगाचं पान

मामाने शेतातल्या फार्महाऊसवर पोहायचा तलाव बांधला तेव्हा मी आणि माझी मामेबहीण नववीत होतो. एकाच इंग्रजी शाळेत, एकाच व्हॅनने जायचो. मार्क मला जास्त पडायचे आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. निळ्या टाइल्सचा तो तलाव आला आणि मार्क पुरेनासे झाले.

ती दोन महिन्यांत पोहायला शिकली. पहिल्या रविवारी म्हणाली, "ये ना वं पाण्यात." मी सर्दीचं कारण सांगितलं. खरं म्हणजे माझ्याकडे पोहायचा ड्रेस नव्हता आणि आईकडे मागायची हिंमतही नव्हती. दुसऱ्या रविवारी पुन्हा सर्दी. तिसऱ्या रविवारी तिने विचारलंच नाही, आणि त्याचा राग मी तिच्यावर धरला. काठावर बसून तिचा टॉवेल सांभाळत राहिले. मामी तिचे ओले केस पुसताना "माझी मासोळी" म्हणायची, तेव्हा मी टाइल्स मोजायची.

दिवाळी झाली. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. मामाचं आर्णीला बियाणं, खतं, मोटारी विकायचं कृषी केंद्र होतं, तिथेही गिऱ्हाईक कमी झालं होतं. एका रविवारी जेवताना मामी म्हणाली, "अवो, त्या टाक्यापायी लाइटचं बिल पाहा. एक तं पंप बदला, नाही तं पाणी सोडून द्या हरभऱ्यात."

कमी वीज खाणारा पंप विकणाऱ्या नागपूरच्या माणसाने मामाकडे एक पुस्तिका दिली होती. ती सगळी इंग्रजीत होती. मामाने ती आधी मुलीपुढे धरली.

"पप्पा, मला बोअर होतं. हिला द्या, ही हुशार आहे," ती म्हणाली आणि पाण्यात उडी मारायला निघून गेली.

मी वाचलं. हा पंप हळू फिरतो, म्हणून वीज कमी लागते, पण पाणी साफ व्हायला जास्त तास लागतात. मी मामाला तसं सांगितलं.

"हळू फिरते म्हणजे? किती एचपीचा आहे?"

"एचपी जुन्याएवढाच आहे मामा, पण तो पूर्ण ताकदीने चालवायचा नसतो. आवाजही येत नाही म्हणे."

मामा हसला. शेतकऱ्यांना मोटारी विकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मोटार आवाजावरून आणि पाण्याच्या धारेवरून पारखायची, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं.

"आवाज नाही, धार नाही. मंग ते चालून राह्यली का झोपली, हे समजावं कसं? बरं, तू सांग बेटा. घेण्यात अर्थ आहे का?"

इतका वेळ माझं कोणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. बाहेर पाण्यात धपकन आवाज झाला. मी पान उलटलं. पुढच्या पानावर एक तक्ता होता. वीज थोडेच तास मिळत असेल तर पंप मधल्या वेगावर लावा, तरीही बरीच बचत होते, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि पान परत मागे फिरवलं.

"आपल्याकडे लाइन आठच तास असते मामा," मी म्हणाले. "हळू चालणारा पंप इथे कामाचा नाही."

"पाहा! पोरगी लाखाची गोष्ट बोलली," मामा मामीला म्हणाला. पुस्तिका मी दप्तरात घातली. कोणी मागितलीही नाही.

आठवड्याभरात पाणी हरभऱ्यात गेलं. ती काठावर उभी राहून पाहत होती. रडली नाही. मला आनंद झाला आणि तो दुपारभर टिकला.

मग मामाने भाव येईपर्यंत कापूस ठेवायचं ठरवलं. खोल्या भरल्या तेव्हा उरलेला कापूस त्या कोरड्या तलावात ओतला, वरून ताडपत्री. पुढच्या रविवारी गेले तर ताडपत्री एका बाजूने उचललेली आणि ती आत, कापसात पालथी पडून हात मारत होती.

"ये ना वं," ती ओरडली. "आता तं सर्दी नाही होणार!"

मी उतरले. ती माझे हात धरून दाखवत होती, असा पुढे न्यायचा, असा मागे ओढायचा. साठवलेल्या कापसाने खाज सुटते, दोघींच्याही हातांवर लाल पुरळ आले. "भाव आला की पप्पा परत पाणी भरणार आहेत," ती म्हणाली. "तेव्हा तुला खरं शिकवते. फक्त पंपाचं काहीतरी कर ना. तू आणखी एकदा वाचून पाहशील?"

सोमवारी व्हॅनमध्ये मी ती पुस्तिका काढली, तक्त्याचं पान उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"हे तुला तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

तिने ते पान दुमडलं आणि पुस्तिका स्वतःच्या दप्तरात ठेवली.

"पप्पांना सांगते, आपण दोघींनी मिळून शोधलं."

बस, एवढंच. मला कबुलीपेक्षा हे जड गेलं. तिच्या जागी मी असते तर मी असं म्हटलं नसतं, हे मला तिथेच कळलं, आणि ती पाण्यात पोहायची तेव्हापेक्षाही त्या क्षणी मला तिचा जास्त हेवा वाटला. शाळा येईपर्यंत आम्ही दोघी आपापले हात खाजवत बसलो.