लॉगिननंतरचं पान

धुळ्याच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाची वेबसाइट मी केली होती, जळगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून. तिच्यात एक उणीव होती. मला माहीत होती. थोडा वेळ हात लागला नाही की साइट माणसाला बाहेर काढायची, आणि पुन्हा लॉगिन केलं की तो होता त्या पानावर न नेता पहिल्या पानावर आणून सोडायची.

ऑफिसात सोबत काम करणारी मुलगी म्हणाली होती, "सर, आधीच्या पानाचा पत्ता लक्षात ठेवू, लॉगिन झालं की तिथंच परत पाठवू."

"त्यात कोणी भलताच पत्ता घुसवला तर? आपला माणूस परक्या साइटवर जाईल."

हे खरं होतं. पत्ता आपल्याच साइटचा आहे का, एवढं तपासलं की भागतं, हेही खरं होतं. मला कंटाळा आला होता, इतकंच.

माझी मोठी बहीण नरडाण्याजवळच्या खेड्यात दिली आहे. मुलीचा अर्ज ती स्वतः भरत होती. साइट भावाची, म्हणून हौसेनं. शेवटचा दिवस होता. सगळी पानं भरली, फक्त 'अर्ज सादर करा' दाबायचं राहिलं, आणि ती म्हशीचं दूध काढायला उठली. परत येऊन लॉगिन केलं, तर समोर पहिलं पान: पोरीचं नाव, फोटो, वर हिरवी पट्टी, 'यशस्वी'. लॉगिन यशस्वी. ती पट्टी मीच टाकली होती. तिनं फोटो काढून पाठवला: "भाऊ, बठ्ठं भरी टाकं." सगळा अर्ज भरून गेला, असं तिला वाटलं होतं.

पान कुठलं आहे हे मला दिसलं. क्षणभर टोचलंही. मी अंगठा पाठवला आणि चहाला गेलो.

प्रवेशाच्या यादीत पोरीचं नाव नव्हतं. दाजी फोनवर म्हणाले, "तुम्हनी बहीणले रील देखता येतस, फॉर्म भरता येत नही." मागून तिचा आवाज आला, "मी भरेल व्हता ना, भाऊ?"

मी म्हणालो, "तूच शेवटचं बटण विसरली असशील, अक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटमधली ती उणीव दुरुस्त केली. दहा-बारा ओळी. कॉलेजवाले खूश झाले.

पोरीनं पुन्हा अर्ज केला नाही. ती नरडाण्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. आईशी कामापुरतं बोलते. आणि जिनं हौसेनं अर्ज भरला होता, ती आता गॅसचा नंबर लावायलाही शेजारणीच्या हाती मोबाईल देते.

या दिवाळीत मी तिला सगळं सांगितलं. ती पापड तळत होती. झारा थांबला नाही.

"तवयच सांगी देता, भाऊ," ती म्हणाली, "तर पोर आज मनासंगे, मायसंगे, बोलती."

मग तिनं माझ्या ताटात पापड वाढला. मी तो खाल्ला.