पोटातल्या वाऱ्याचा जाहीर सत्कार

लहान मुलांसाठी मी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या घरात ते पुस्तक उघडायला बंदी झाली. आमच्याकडे बक्षिसाची वस्तू वापरत नाहीत. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मेडलं, भावाच्या कबड्डीच्या ढाली आणि मला चौथीत मिळालेली कंपासपेटी शोकेसच्या काचेआड सुखानं म्हातारी होताहेत. पुस्तकही हळदकुंकू लावून तिथेच गेलं.

मुखपृष्ठावर नुसता एक फुगा होता. तेवढ्यावरून वडिलांनी ते हवामानाचं पुस्तक ठरवून टाकलं आणि तसं गावभर सांगितलं. उसाची लागण कधी करू, असे मला फोन यायला लागले. पुस्तक खरं तर पादण्यावर होतं. पाद का येतो, वास कशाचा, आवाज कुठून. पण ज्या माणसासमोर आमच्या घरात कुणी मोठ्यानं जांभईसुद्धा देत नाही, त्याला हे सांगायची माझी छाती होईना.

मग गावानं सत्कार ठरवला. फ्लेक्सवर माझ्यापेक्षा वडिलांचा वर्दीतला फोटो मोठा. हलगी, शाल, नारळ, सगळं यथासांग झालं. एवढ्यावर भागलं असतं, पण सरपंचांना हुक्की आली. ते शाळेच्या मुख्याध्यापकांकडे वळले.

"गुरुजी, दोन पानं वाचा की! पोरांच्या कानावर शास्त्र पडू द्या."

वडिलांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच फेटा बांधला होता, आणि आता भर सभेत माझ्यामुळे त्यांची मान खाली जाणार होती.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, सत्कारापुरतं शोकेसमधून बाहेर आलेलं पुस्तक उघडलं आणि माइकवर खणखणीत वाचलं, "पादताना लाजू नका. पाद सगळ्यांना येतो. राजाला येतो, गुरुजींना येतो आणि तुमच्या आजोबांनाही येतो."

हलगीवाल्यानं सवयीनं एक थाप दिली. पोरं हसून लोळायला लागली. मुख्याध्यापक लालबुंद होऊन पुस्तक मिटायला लागले, तेवढ्यात वडील उठले. मी डोळे गच्च मिटले.

"मिटताय कशाला?" परेडवरचा आवाज आला. "सरकारनं पुरस्कार उगंच दिलाय व्हय? वाचा फुडं!"

अख्खं प्रकरण वाचून झालं. एका आजींनी हरभऱ्याच्या डाळीबद्दल शंका विचारली आणि मी तिचं माइकवरून निरसन केलं. वडील तोवर सावधानमध्ये बसावं तसे ताठ बसून होते. रागावलेत की काय, काही कळेना. मला रडू यायच्या बेतात होतं.

चहाच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन बसले. चहा बशीत ओतला.

"लय झ्याक लिवलंयस," ते म्हणाले. मग त्यांनी मागंपुढं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकले. "पर ते बिनआवाजाचं असतंय न्हवं, ते कुठल्या पानावर हाय?"