न थांबणारा निरोप

हर्षवर्धन गजभिये कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटार कारखान्यात गाड्यांना दारं बसवायचा. शौचात रक्त पडतंय हे त्याने बायकोला, शीलाला, वर्षभर सांगितलं नाही. नागपूरला वडिलांनाही असंच व्हायचं. घरात सगळे मूळव्याध म्हणत राहिले आणि ते चाळिशीतच गेले.

शेवटी सांगितलं तेव्हा जवळच्या हॅमिल्टनला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, झाली. मोठ्या आतड्यात शेकडो गाठी निघाल्या. कॅन्सर अजून एकीतही नव्हता. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर आनुवंशिक आजार समजावून सांगणाऱ्या जेनेटिक काउन्सेलरने दोघांना समोर बसवलं.

"आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं," ती म्हणाली. "पेशींना 'वाढा' हा निरोप बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन देतं. एपीसी नावाचं दुसरं प्रथिन ते वेळेत मोडलं जाईल असं बघतं, म्हणून वाढ थांबते. एपीसीच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. तुमची एक जन्मापासूनच बिघडलेली आहे. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की निरोप थांबत नाही. तिथे गाठ उगवते. आज ना उद्या एखादीचा कॅन्सर होणारच. मोठं आतडं काढायला हवं."

हर्षवर्धनने ऐकून घेतलं. भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. पार्किंगमध्ये गाडी सुरू करून तो नुसता बसून राहिला.

"काय ठरवलंस?" शीलाने विचारलं.

"बघू."

ते बघणं अख्खा हिवाळा चाललं. हॉस्पिटलचा फोन आला की तो शिफ्टचं कारण सांगायचा. मग त्यांच्या मुलीची, पंधरा वर्षांच्या धम्मप्रियाची, रक्ततपासणी झाली. तीच बिघडलेली प्रत तिच्यातही निघाली.

ती बेसमेंटमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून बसली होती. तो शेजारी जाऊन बसला.

"माझ्याकडून आलं तुला."

"डोन्ट, बाबा." ती म्हणाली, "बट व्हाय आर यू नॉट डुइंग इट?"

तो म्हणाला, "करतो मी. कसं असतं ते तू बघ."

मे महिन्यात ऑपरेशन झालं. मोठं आतडं काढून लहान आतडं खाली जोडलं. घरी आल्यावर त्याचा बराचसा दिवस वॉशरूममध्येच जायचा. धम्मप्रिया दाराबाहेरून विचारायची, "डझ इट हर्ट?" तो खरं तेच सांगायचा. कधी "आज कमी," कधी "हो, फार."

पानगळ सुरू झाली तेव्हा तो कामावर परतला. धम्मप्रियाच्या पहिल्या कोलोनोस्कोपीत मोजक्याच बारीक गाठी दिसल्या. दरवर्षी बघत राहू, ऑपरेशन शाळा संपल्यावर, असं डॉक्टर म्हणाले.

"आय ॲम स्टार्व्हिंग," तपासणीसाठी कालपासून उपाशी असलेली ती गाडीत बसल्यावर म्हणाली. शीलाने दहीभाताचा डबा उघडून तिच्या हातात दिला. हर्षवर्धनने गाडी सुरू केली आणि घराकडे वळवली.