अप्पारावांच्या वडाचा दोरा

अप्पाराव देवळात जातात ते फरशी गार असते म्हणून. हर्सूलच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मारुतीलाही ठाऊक असणार, पण त्यानं अजून तक्रार केलेली नाही. गंगापूर रूटवर तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. इतकी वर्षं उभ्यानं काढल्यावर आडवं व्हायला मिळतंय हीच त्यांना मोठी कृपा वाटते, मग ती मारुतीची असो की फरशीची.

त्यांच्या बायकोचं, सारजाबाईंचं, मत वेगळं. "देवानं ह्यांना पाठीमागं डोळे दिले असते तर बरं झालं असतं. समोर काय चाललंय ते तर दिसत नाय," असं त्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. वटपौर्णिमेचा उपास त्यांनी केव्हाच सोडला होता. कारण कुणी विचारलं तर म्हणतात, "सात जन्म? ह्यो एकच मला सात जन्मांयेवढा पडला."

अप्पारावांना वडाचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली, तिच्यात वडाच्या फांद्याच फांद्या. गल्लीत वड नाही, मग बायका गुलमंडीच्या बाजारातून फांदी आणायच्या, कुंडीत खोचायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि सकाळी कचऱ्यात टाकायच्या. अप्पारावांनी गाडी थांबवून त्यातल्या सत्तावीस फांद्या काढून घेतल्या आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत ओळीनं पुरल्या, तिकिटाच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. पंधरा दिवसांत सगळ्या वाळल्या. सारजाबाईंनी त्यातल्या जाड बघून चुलीला लावल्या.

पुढच्या वर्षी मात्र ते शहाणे झाले. डहाळ्यांना मुळं फुटत नाहीत, मनगटायेवढं दांडकं लागतं, हे त्यांना शेती करणाऱ्या मेव्हण्यानं सांगितलं. सणाच्या संध्याकाळी गुलमंडीवर गेले. फांद्या विकणाऱ्या बाईकडे डहाळ्या तोडून उरलेला पुरुषभर उंचीचा सोट होता, तो मागून घेतला आणि सिटी बसमधून आणला. कंडक्टर म्हणाला, "काका, याचं लगेज लागंल." अप्पाराव म्हणाले, "हे लगेज नाय, पॅसेंजर हाय. फूल तिकीट दे." आणि खरोखर दोन तिकिटं घेऊन आले. यावर सारजाबाई काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही.

हा पॅसेंजर जगला. श्रावणात त्याला लाल कोंब आले. शेळ्यांपासून वाचवायला अप्पारावांनी देवळाच्या जुन्या खिडकीचे गज जोडून त्याच्याभोवती जाळी केली. नळ आठव्या दिवशी येतो अशा गल्लीत त्यांनी त्याला उन्हाळाभर पाणी घातलं. कुठलं पाणी, तर भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, आणि एकदा सारजाबाईंनी केस धुवायला काढून ठेवलेलंही. त्या दिवशी अप्पारावांचं जेवण देवळात झालं.

पाचव्या वर्षी वडाखाली दोन खाटा मावतील इतकी सावली पडायला लागली. मे महिन्यात पत्रे तापून चटके बसायचे, तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री आणि अप्पाराव तिथंच. मग एक दिवस मनकर्णाबाईंचं लक्ष गेलं. मनकर्णाबाई म्हणजे मारुतीच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष. आवाज असा की माईक लाजावा. त्यांनी शनिवारच्या भजनात जाहीर केलं, "बायांनो, दारात वड असताना फांद्या तोडून आणायच्या म्हंजे पाप हाय. औंदापासून पूजा इथंच."

अप्पारावांची छाती फुगली. आता त्यांच्या वडाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मनकर्णाबाईंनी जाळी तेवढी काढायला लावली. देवाला पिंजऱ्यात ठेवतात का? अप्पारावांनी ती आनंदानं उचकटून घरामागं टाकली.

चूक झाली ती इथं.

पूजेला चार कॉलन्यांतल्या मिळून दीडशेच्या वर बायका आल्या. प्रत्येकीचे सात फेरे. पूर्वी घरोघरी कच्चं सूत असायचं, ते आता कोण कातणार? दुकानात शिलाईचा पांढरा दोरा मिळतो. चकचकीत, न तुटणारा. पोराच्या मांडीयेवढ्या खोडावर हजाराच्या वर वेढे बसले. वड पांढरी बंडी घातल्यासारखा दिसत होता. अप्पारावांनी मोबाईलवर त्याचे फोटो काढून मेव्हण्याला पाठवले.

वर्षभर तो दोरा कुजला नाही. झाड जाड होत गेलं आणि दोरा सालीत रुतत गेला. पुढच्या उन्हाळ्यात वरची एक फांदी वाळली. अप्पारावांनी नखानं दोरा उचलून बघितला, तर खाली करकचून बांधलेल्या करदोट्याखाली असतो तसा वळ. तेवढ्यात दुसरी वटपौर्णिमा आली आणि आणखी हजार वेढे बसले.

त्यांनी मनकर्णाबाईंना सांगून बघितलं. "वैनी, दोऱ्यानं झाडाला फास बसलाय."

"अप्पाराव, सौभाग्याच्या धाग्याला फास म्हणू नका. जीभ झडंल."

मग अप्पारावांनी नेहमीप्रमाणे कुणाला न विचारता ठरवलं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, दाढीचं ब्लेड घेऊन ते वडाशी गेले आणि दोन्ही वर्षांचे सगळे वेढे उभे चिरून काढले. दूध आणायला निघालेल्या दीपमालेनं ते बघितलं. नवीन लग्न झालेली पोर. ती काही बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिचा नवरा सोमनाथ मोटरसायकलवरून घसरला, पायाला प्लास्टर आलं आणि दीपमालेला कंठ फुटला.

"माझा धागा अप्पाकाकांनी कापला! माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

देवळापुढं गर्दी जमली. अप्पाराव एका बाजूला, दीडशे सौभाग्यवती दुसऱ्या. एवढे पॅसेंजर एका वेळी अंगावर त्यांनी पोळ्याच्या गर्दीतही घेतले नव्हते.

"झाड मरत होतं," ते म्हणाले.

"आणि आमचे नवरे?" मनकर्णाबाई.

तेवढ्यात सोमनाथ स्वतः कुबडीवर आला. भला पोरगा. म्हणाला, "अहो, धाग्याचं काय घेऊन बसलात? मी गाडीवर मोबाईलवर बोलत होतो."

दीपमाला गर्रकन वळली. "कुणाशी?"

सोमनाथ आला तसा परत गेला. प्लास्टर असूनही बऱ्यापैकी वेगानं.

मनकर्णाबाईंनी निकाल दिला. अप्पारावांनी इथून पुढं वडाला हात लावायचा नाही. देवळात या, फरशीवर लोळा, वडाला हात नाही. अप्पारावांनी मारुतीसमोर शब्द दिला. फारसे भाविक नसले तरी तीस वर्षांत एकाही पॅसेंजरचे सुटे पैसे बुडवले नव्हते, शब्दाचे पक्के.

"मग पाणी कोण घालणार?" त्यांनी तेवढं विचारलं.

मनकर्णाबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. "शनिवारी भजनाला येणारीनं येक कळशी पाणी आणायचं. धुण्याचं नाय, साबणाचं नाय. रिकाम्या हातानं आलेलीला टाळ मिळणार नाय."

आणि मिळाले नाहीत. त्या वर्षी पाऊस ताणला, दिवाळीनंतर नळ दहाव्या दिवसावर गेला, तरी शनिवारी वीस-पंचवीस कळश्या येत. अप्पाराव ओट्यावरून ओरडत, "बुडाशी नको! पुढं सरका, आळ्यात घाला!" एका शनिवारी एक बाई वरणाचं पाणी घेऊन आली, तर त्यांना ओट्यावर बसवेना. पण उतरले नाहीत. वडाचा वळ भरत आला. नवी साल गुलाबी दिसायला लागली.

वटपौर्णिमा जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. आता पुन्हा हजार वेढे, आणि ह्यांचे हात बांधलेले. "औंदा जाणार ते," ते म्हणायचे. कशाबद्दल, ते सारजाबाईंना सांगावं लागत नसे.

"ब्लेड कुठं ठेवलंय?" त्या विचारायच्या.

"शब्द दिलाय मी."

"तुमी दिलाय," सारजाबाई म्हणाल्या.

सणाच्या आदल्या दिवशी वेल्डिंगवाला आला आणि घरामागची जाळी परत वडाभोवती उभी राहिली. हात लावायचा नाही ही शपथ अप्पारावांची. सारजाबाईंना कुणी घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेर आल्या तेव्हा अप्पारावांनी ओळखलंच नाही. अंगावर लग्नातला हिरवा शालू, नाकात नथ, हातात ताट. अकरा वर्षांनी. पहिला फेरा वयानं मोठ्या सवाष्णीचा, ही तिथली रीत. आणि सगळ्यांत थोरल्या त्याच. त्यांनी गडवाभर पाणी आळ्यात ओतलं आणि दोरा बांधला थेट जाळीच्या गजाला.

"वैनी!" मनकर्णाबाईंचा आवाज चिरकला. "लोखंडाला?"

"मग? नवरा जाळीतच बरा," सारजाबाई फेरा न थांबवता म्हणाल्या. "मोकळा सोडला की पहाटे ब्लेड घेऊन हिंडतो."

आधी दीपमाला हसली. मग हसू ओळीत मागं मागं सरकत गेलं, अन् बायका जाळीला दोरा बांधायला लागल्या. मनकर्णाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण भजन सुरू करून दिलं.

सकाळी अप्पाराव हात पाठीमागं बांधून बघायला गेले. जाळी पांढरीशुभ्र. पण कुणी कुणी गजांतून हात घातलेच होते. खोडावर तीन दोरे. एवढ्यात दुधाची पिशवी घेऊन दीपमाला आली.

"काका, त्यातला मधला माझा हाय," ती खाली बघून म्हणाली. "ह्यांना मोबाईल सोडवंना, म्हणून."

"मी काय म्हणलो का?"

तिनं पिशवी खाली ठेवली, गजांतून हात घातला आणि सातही वेढे उलटे सोडवून जाळीवर घेतले. दोरा तोडला नाही.

"आणि उरलेले?"

"ज्याचा त्यानं सोडवायचा," ती म्हणाली आणि एका दाराकडं मान केली.

अप्पारावांनी ते दार वाजवलं. मनकर्णाबाई केस विंचरतच बाहेर आल्या. त्या काय काय बोलल्या ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, पण आल्या, आणि आपला दोरा आपल्या हातानं सोडवून गेल्या.

तिसऱ्याचा मालक सापडला नाही. अप्पारावांनी आठ दारं वाजवली. तो दोरा तसाच राहिला. रोज सकाळी ते हात मागं धरून वाकून बघत. पण तो काही रुतेना. दुकानातला नव्हताच तो, हातानं वळलेलं कच्चं सूत होतं. पावसानं आधी पिवळं पडलं, मग मऊ झालं, आणि पोळ्याच्या आसपास आपोआप गळून आळ्यात पडलं.

तो धागा आपलाच होता असं आता गल्लीतल्या नऊ बायका शपथेवर सांगतात. यंदा सगळ्यांनीच सूत वळायचं, असं भजनी मंडळात ठरलंय. पण वळता कुणाला येतं? एकट्या सारजाबाईंना. त्या या वादात पडत नाहीत. ओट्यावर मांडी घालून कापसाच्या वाती वळत असतात, आणि एक जन्मसुद्धा किती लांबतो याबद्दल बोलत असतात.