भाटव्यांच्या कात्रीतून सुटलेला कागद

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत असा एकही कागद नाही, जो माझ्या भाटव्यांच्या हाती लागला आणि जसा होता तसा परत आला. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात सौंसरला, नोकरी जिनिंगमध्ये, कापसाच्या काट्यावर. उंची दारातून वाकून यावं लागेल इतकी आणि हात असे, की चहाचा कप त्यात बाहुलीच्या भांडीकुंडीतला वाटावा. अशा माणसाने फावल्या वेळात कुस्त्या पाहाव्यात, पत्ते कुटावेत, निदान गावकीच्या भांडणात मध्यस्थी तरी करावी. हे गृहस्थ मांडी घालून बसतात, बहिणीच्या शिवणाच्या डब्यातली नखाएवढी कात्री काढतात आणि कागदाची फुलं करतात. फुलं, मोर, उघडलं की उभं राहणारं देऊळ, आणि मुख्य म्हणजे शुभेच्छापत्रं. मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा हातातला पाट खाली पडला होता.

मी पांढुर्ण्याला एका शाळेच्या कचेरीत काम करते. माझं सगळं आयुष्य कागद जसा आहे तसा जपण्यात गेलं आहे. घरातही माझ्या याद्या असतात: किराण्याची वेगळी, प्रवासाची वेगळी, पाहुणे आल्यावर काढायच्या गाद्यांची वेगळी. काम झालं की त्यावर लाल पेन्सिलीने टिक. भाटवे मला ‘यादीबाई’ म्हणतात. त्यांच्या लग्नात मी आहेराची यादी करत बसले होते, तेव्हापासून हे नाव पडलं आणि आता माझी भाचरंसुद्धा मला यादीमावशी म्हणतात.

शुभेच्छापत्र दिवाळीला पाठवतात, नवीन वर्षाला पाठवतात, इथवर माझी समज होती. भाटव्यांनी ती पार मोडून काढली. शेजाऱ्याची म्हैस व्याली, त्याला कार्ड. बसच्या कंडक्टरची दाढ काढली, त्याला कार्ड, आणि आत कापसाची दाढ चिकटवलेली. आमच्या घरी मोरी नवीन बांधली तेव्हा पोस्टाने कार्ड आलं, उघडल्यावर आतून निळ्या पतंगी कागदाचं पाणी उसळून बाहेर यायचं. पोस्टमन ते देताना म्हणाला, “बाई, हे मी रस्त्यात तीनदा उघडून पाह्यलं, रागावू नका.”

सामान विकत आणणं त्यांना मान्यच नाही. खळ घरच्या मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. संत्र्याच्या पेट्यांवरचे रंगीत छाप, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेली बेगड, फुटक्या बांगड्या, काड्यापेटीच्या काड्या, आणि कापूस तर नोकरीतच. कागद मात्र कुठलाही चालतो आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे. कागद हाती आला की ते आधी त्याचा एक कोपरा थोडासा फाडून पाहतात. “यादीबाई, कागदाले एक अंग असते,” ते मला समजावतात. “त्या अंगानं तो सरळ फाटते, आडव्या अंगानं वाकडा जाते. घडी घालाची तं सरळ अंगानं. मानसाचंई तसंच हाय.” माणसाचं राहू द्या. तो कोपरा माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेचा होता. पत्रिका साध्या वाटतात म्हणून त्यांनी घरी बसून प्रत्येकीला जाळीदार खिडकी कापली. खिडकी सुरेख होती. ती नेमकी मुहूर्ताच्या ओळीवर आली, एवढंच. निम्मे सोयरे आदल्या दिवशीच येऊन बसले आणि बहिणीने दोन दिवस पंगती वाढल्या. भाटवे म्हणाले, “एक दिवस जास्तीचा भेटला न सगळ्यायले!”

आणि ती गोटमारीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात आमचं पांढुर्णं आणि पलीकडचं सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, डोकी फुटतात, हे बाहेरच्यांना ऐकूनच धक्का बसतो. मला बसला तो दुसराच. मलमपट्टीच्या तंबूबाहेर भाटवे पिशवी घेऊन बसले होते आणि मला म्हणाले, “यादी करा जी. नाव, गाव, कुठं लागलं.” मला वाटलं, सरकारी काम असेल. मी बसून व्यवस्थित यादी केली: डोकं, गुडघा, कपाळ, परत डोकं. आठवड्याभरात त्या प्रत्येकाच्या घरी कार्ड पोहोचलं. आतल्या कागदी माणसाला ज्याच्या-त्याच्या जागी खऱ्या जाळीच्या कापडाची पट्टी बांधलेली. सावरगावच्यांनाही पाठवली! आमच्या गल्लीत दोन दिवस लोक माझ्याशी नीट बोलले नाहीत, कारण पाकिटांवरची नावं माझ्या यादीतून, माझ्याच अक्षरात कापून चिकटवलेली होती.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती वेगळी आहे.

आमच्या मायला मोतीबिंदू झाला. आधी सुई ओवता येईना, मग पेपर वाचता येईना, मग माणसं आवाजावरून ओळखू लागली. वडील गेल्यापासून माय माझ्याकडेच. गावात डोळ्यांचं शिबिर झालं, डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली: अमुक दिवशी नागपूरच्या इस्पितळात या, ऑपरेशन होईल. उशीर केला तर नजर परत येण्याचा भरवसा नाही, असंही सांगितलं. मी त्याच संध्याकाळी सतरा वस्तूंची यादी केली. पहिली वस्तू चिठ्ठी. चिठ्ठी फाइलीत ठेवली, यादीवर टिक केली आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यावरही लाल टिक केली. ही माझी पद्धत आहे.

माय मात्र हलेना. “डोयात चाकू घालू देनार नाई मी. अंधारच बरा हाय.” मी समजावलं, रागावले, शेवटी जेवण सोडलं. मायनेही जेवण सोडलं. बहीण येऊन रडून गेली. जायला तीन दिवस उरले तेव्हा भाटवे आले. मी शाळेत होते. परत आले तर माय छपरीत, पुढच्या ओसरीवर, बसून मांडीवरच्या एका कार्डावरून बोटं फिरवत होती. वर कापसाचा काहीतरी पक्षी, भोवती लाल दोरा गुंडाळलेला.

“हे काय हाय जी? ससा?”

“मी नाई सांगत,” भाटवे म्हणाले.

“आत काई लिवलं हाय का?”

“लिवलं हाय. पन कोनी वाचून दाखवाचं नाई. डोये आले का तुमीच वाचजा, माय.”

“वाच वं तू,” माय मला म्हणाली. मी हात पुढे केला, तर भाटव्यांनी त्या फावड्याएवढ्या पंजाने कार्ड झाकलं. मायने रात्रीपर्यंत धीर धरला. जेवताना म्हणाली, “गाडी किती वाजता हाय नागपूरची?”

माझ्या सगळ्या युक्तिवादांवर पाणी पडलं होतं, पण काम झालं होतं. मी यादी काढून उरलेल्या वस्तूंवर टिक करायला बसले. टिक झालेली वस्तू मी परत पाहत नाही. तीही माझी पद्धत आहे.

नागपूरला बहीण आणि भाटवेही बरोबर आले होते. इस्पितळाच्या खिडकीपाशी नर्सबाईंनी चिठ्ठी मागितली. मी फाइल उघडली. चिठ्ठी नव्हती. मी फाइल उलटी केली, पिशवी उलटी केली, तांब्यातसुद्धा पाहिलं. मागे रांग वाढत होती. नर्सबाई म्हणाल्या, “चिठ्ठीचा नंबर नसेल तर आज घेता येणार नाही. पुढच्या शिबिरात या.” पुढचं शिबिर केव्हा, हे कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात मागून भाटव्यांचा अगदी बारीक आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसातून एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“मायच्या पिशवीत हाय.”

“काय?”

“कार्डात हाय. मोर केला म्या तिचा.”

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. रांगेतल्या दोन बायांनी कानावर पदर घेतला. भाटवे खाली मान घालून म्हणाले, “कागद जाड होता जी. शिक्का गोल होता, मोराच्या डोयासारखा. अन् कोपऱ्यावर तुमची लाल टिक होती. टिक पडली का काम झालं, असंच तं सांगता तुमी. मले वाटलं, झालेला कागद हाय.”

मी उघडी फाइल मिटून काखेत धरली.

पुढचा धक्का मायने दिला. नर्सबाईंनी कार्ड मागितलं, तर तिने ते छातीशी धरलं. “उघडू नका! मी वाचल्याबिगर कोनी वाचाचं नाई.”

“आजी, नुसता नंबर पाहते.”

“नंबराच्या बहान्यानं वाचसाल!”

शेवटी तह झाला. मी आणि बहिणीने भिंतीकडे तोंड केलं. रांगेतल्या लोकांनीही केलं, का ते त्यांना माहीत नव्हतं. भाटव्यांनी दोरा सोडला, मजकुरावर आपला पंजा ठेवला आणि नर्सबाईंनी मोराच्या पिसाऱ्यावरून नंबर उतरवून घेतला. मग म्हणाल्या, “शिक्का बरोबर डोळ्यावर आला आहे हो!” भाटव्यांना एवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत त्या नर्सबाईंच्या टेबलावर औषधाच्या पुठ्ठ्याचं कमळ होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण पट्टी सुटली तरी सगळं धूसर. चष्मा सव्वा महिन्याने मिळणार होता. तोवर माय कार्ड उशाखाली ठेवून झोपायची. चष्मा आला, बाटलीच्या बुडासारख्या काचांचा, त्या रविवारी भाटवे सौंसरहून पहिल्या बसने आले. इस्त्रीचा सदरा, आणि जवळ कात्री नाही. छपरीच्या खांबाला टेकून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

मायने दोरा सोडला. चौथीपर्यंत शिकलेली माय एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली, “माय, लग्नाले चोवीस वर्सं झाले. आता साफ दिसते, तं सांगा. जवाई पसंत हाय का नाई?”

आम्ही सगळे हसलो, आणि मग हसू थांबलं. चोवीस वर्षांपूर्वी भाटवे मुलगी पाहायला आले तेव्हा मायने आतल्या खोलीत वडिलांना म्हटलं होतं, “मले नाई पसंत. केवढे हात हायेत त्या मानसाचे! माही पोर बांगडीसारखी हाय, कशी टिकन?” वडिलांनी ऐकलं नाही, लग्न झालं. घरात हा किस्सा आम्ही कितीदा तरी हसत सांगितला होता. भाटवे त्या दिवशी छपरीत बसून ऐकत होते, हेही ठाऊक होतं. चोवीस वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मायने मान वर केली. बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

“केस कवा पिकले जी तुमचे, जवाईबापू?”

“झाले चार-पाच वर्सं.”

“हात दाखवा.”

ते पुढे होऊन वाकले. मायने त्यांचे दोन्ही तळवे चष्म्यापाशी नेऊन पाहिले. कात्रीचे घट्टे, नखांत वाळलेली खळ, अंगठ्याला बेगडीची चकाकी. “कात्री लागते तं हयद लावत जा,” ती म्हणाली, कार्ड मिटलं, दोरा गुंडाळला आणि उठून पेटीत ठेवून आली. झालं. भाटवे जेवून परतीच्या बसला निघाले. जाताना मला हसून म्हणाले, “नापास तं नाई केलं न, यादीबाई?” पण बसच्या खिडकीत ते पाठमोरे बसले. त्यांनी परत कधी विचारलं नाही आणि मायने कधी सांगितलं नाही. त्या नजरेवर ती तीन वर्षं पेपर वाचत राहिली, त्यांच्या नव्या कार्डांत चुका काढत राहिली.

ती गेल्यावर दिवसवार झाले, मग मी तिच्या पेटीची यादी करायला बसले. लुगडी, पोथी, वडिलांचं घड्याळ. नववी वस्तू, लाल दोऱ्याचं कार्ड. मी ते उघडलं. भाटव्यांच्या प्रश्नाखाली पेन्सिलीने, काचांमधून डोळे ताणून काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती:

“पसंत. हात मोठे हाय पन हलके हाय.”

मी पेन्सिल खाली ठेवली आणि भाटव्यांना हाक मारली. ते अंगणात होते. त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं, आणि उभे होते तिथेच पायरीवर बसले. बहीण पाणी घेऊन आली, ते त्यांनी घेतलं नाही. मग त्यांनी कार्ड दोऱ्यासकट माझ्याकडे परत दिलं.

“तुमचं आहे, ठेवा की,” मी म्हटलं.

“नको जी. माह्याजवळ नका देऊ. माह्या हाताचा भरवसा नाई, एखाद्या दिवशी कापून टाकीन. तुमी फाइलीत ठेवा. अन् टिक नका करू त्यावर.”

मी टिक केलेली नाही. आता ते पांढुर्ण्याला आले की चहा नको म्हणतात, पाणी नको म्हणतात. आधी मोरीवर जाऊन साबणाने हात धुतात, पंच्याला कोरडे पुसतात आणि मग दारात उभे राहून म्हणतात, “यादीबाई, काढा बरं फाइल.”