स्क्रिप्टमधला पासवर्ड
पासवर्ड बदलण्याची सूचना स्क्रीनवर आली की मला चंदीगडच्या आमच्या संशोधन संस्थेतली ती सकाळ आठवते. रोज आठ दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं आणि दर वेळी तोच पासवर्ड टाइप करायचा, याला वैतागून मी तो सरळ स्क्रिप्टमध्येच, म्हणजे आपोआप लॉगिन करणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्येच, लिहून ठेवला होता. पासवर्ड होता ‘साहेबझोपले’, रोमन अक्षरांत. इथे मराठी कुणाला कळतंय, म्हणून मी निर्धास्त होते. त्या दिवशी एक सर्व्हर अडला आणि आमच्या पंजाबी साहेबांनी माझी स्क्रिप्ट सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर उघडायला लावली. माझा वार्षिक गोपनीय अहवाल त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलेला. “मॅडमजी, साहेब तो समझा, ये झोपले क्या है?” तेवढ्यात आमच्याकडे नुकतीच आलेली नागपूरची संशोधक मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, मतलब गहरे विचार में.” साहेब खूश झाले, अहवालावर सहीही झाली. मी तासाभरात स्क्रिप्टमधून पासवर्ड काढून त्याऐवजी, पासवर्ड टाइप न करताच आत सोडणारी डिजिटल किल्ली बसवली, पण साहेबांच्या तोंडातून तो शब्द काही काढता आला नाही. कालच पुण्याहून आलेले शास्त्रज्ञ दाराशी उभे असताना ते हात वर करून म्हणाले, “दो मिनट जी, अभी मैं झोपले हूँ.”