खालची खिटी

शिवणबाईंच्या घराचं दार वाजलं की त्या आधी खाली बघायच्या. येणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर त्यांची नजर क्षणभर थांबायची, तिथे कुणी नाही हे तिला पटायचं, आणि मग ती वर चेहऱ्याकडे जायची. "तू होय! ये गो, बस," असं म्हणून त्या हसायच्या. नवखा माणूस बिचकून आपलं धोतर सारखं करायचा. आम्हा शेजाऱ्यांना त्या नजरेची सवय होती, तरी ती अंगावरून गेली की मला शहारा यायचा.

रत्नागिरीत खाडीच्या काठाला आमचं सुताराचं घर आणि शेजारी या ख्रिस्ती बाई, मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवणाऱ्या. नवरा त्याच शाळेत मास्तर. सोनू त्यांची एकुलती एक पोर, माझ्याच वयाची, पाच वर्षांची. वादळाच्या दिवशी बोर्डिंगातल्या मुली घाबरल्या म्हणून बाई टेकडीवरच्या शाळेत गेल्या, मास्तर आणि सोनू घरी राहिले, आणि मागे खाडी वस्तीत शिरली. आम्ही वरच्या अंगाला म्हणून वाचलो. बाई परत आल्या तेव्हा घराच्या जागी चिखल होता. मास्तर दुसऱ्या दिवशी सापडले. सोनू सापडलीच नाही. घराचं दार तेवढं चौकटीसकट माझ्या बाबांना नारळीच्या बागेत मिळालं. वरची कडी आतून लावलेलीच होती. बाबा ते दार उलटं करून ठेवणार, तोवर बाईंनी पाहिलं होतं.

"तिचा हात नाही पोचत तिथे," एवढंच त्या म्हणाल्या.

मदत म्हणून त्यांना दोन घोंगड्या आणि कापडाचा एक तागा मिळाला. एक घोंगडी त्याच संध्याकाळी दालद्यांच्या, म्हणजे मुसलमान कोळ्यांच्या, हलिमाला गेली. तिच्या नवऱ्याचा मचवा फुटला होता आणि ती नुकतीच बाळंत झाली होती. दुसरी कुणाला गेली ते कळलंही नाही. ताग्याचे त्यांनी शाळेच्या पडवीत बसून वस्तीतल्या पोरांना सदरे शिवले. माझी आई कळवळली. "अगो बाय, आधी आपल्या अंगावरचं लुगडं बघ!"

"माझ्याकडे बघायला आता कोण आहे?" बाईंनी सुईत दोरा ओवला. "प्रभूने सगळं नेलंन, पण हात ठेवलेन. ते काय मांडीवर घेऊन बसू?"

वस्तीने मिळून त्यांना झोपडं उभं करून दिलं. दार बाबांनी केलं, फणसाचं, चांगलं घोटून. कडी बसवायची वेळ आली तेव्हा बाईंनी मला दाराशी उभं केलं आणि हात वर करायला लावला. "भाऊ, हिचा हात पोचतो तिथे बसवा. आणि आतून-बाहेरून, दोन्हीकडून उघडू दे." बाबांनी मग कडीऐवजी लाकडी खिटी केली, कुठूनही फिरवली की उघडणारी. पण त्यांच्यातला सुतार गप्प बसेना. "बाय, इतकी खाली? कुत्रंसुद्धा उघडील."

"उघडू दे. त्यालाही पेज घालीन."

तसंच झालं. वाट चुकलेला फकीर, सासरचा मार खाऊन आलेली सून, ताप भरलेली कोळीण, ज्याला कुणी नाही तो ती खिटी उघडून आत जायचा. दार लोटून त्या सुनेचा नवरा मागे आला तर बाई त्यालाही पेज वाढायच्या, आणि ती तोंडात असताना असं काही बोलायच्या की पुन्हा हात उचलायला तो धजत नसे.

प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे. बाईंचे उघडे, दाराकडे लागलेले. पाळकांनी एकदा हटकलं तर म्हणाल्या, "त्याला चालतं. मी विचारलंय." मला मात्र खरं सांगितलं. "मिटले आणि नेमकी तेव्हाच आली तर? रोज भांडते मी त्याच्याशी. भांडायलाही तोच उरलाय, मग त्याला सोडून जाऊ कुठे?"

दर वर्षी नाताळ जवळ आला की मला मापाला उभं राहावं लागे. माझ्या मापाचा झगा शिवून व्हायचा, नाताळची रात्र खुंटीवर टांगलेला राहायचा, आणि सकाळी वस्तीतल्या कुणा उघड्या पोरीच्या अंगावर दिसायचा. माप माझं आणि झगा दुसरीला! मी फुरंगटून बसायचे. मग कधीतरी मला कळलं की बाई माझं माप घेतच नाहीत. त्यानंतर टेप खांद्यावर टेकला की माझ्या शेजारी कुणीतरी ओलं उभं आहे असं वाटायचं, आणि मी श्वास रोखून धरायचे. तरी एकदाही नाही म्हणाले नाही. माझा जीव होता त्यांच्यावर.

माझं लग्न देवरूखला ठरलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पोलकं शिवलं. शेवटची गाठ दाताने तोडून म्हणाल्या, "तू चाललीस. आता माप कुणाचं घेऊ?" मला रडू फुटलं. त्यांनाच माझी समजूत काढावी लागली.

बाई तापाने अंथरुणाला खिळल्यात असा निरोप आला, तेव्हा माझी थोरली पाच वर्षांची होती. तिला घेऊन मी तशीच निघाले. अंगणात पोचतो तोच पोर पुढे पळाली, आणि कुणी सांगायच्या आधी तिने खिटी उघडली.

अंथरुणावरून बाईंची नजर नेहमीसारखी खाली गेली. आणि तिथेच राहिली.

"आलीस?"

उशाखाली चाचपून त्यांनी टेप काढला. पोर परक्या घरात कधी एका जागी उभी राहायची नाही, पण त्या दिवशी मुकाट उभी राहिली. टेप बरोबर खांद्यावरून फिरला, छातीभोवती आला.

"अगो, काहीच वाढली नाहीस," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आत गेले असते तर त्यांना वर बघावं लागलं असतं.